पावसाळ्यानंतरची पहिली सामूहिक सायकल सफर : मार्ग, वेळ आणि गटाची व्यवस्था

प्रश्न : अनगोळकर

सर्वांना नमस्कार. आमच्या बेळगावातील अनगोळच्या गल्लीतील मंडळाने पावसाळा सरल्यावर एका रविवारी सामूहिक सायकल सफर काढायचे ठरविले असून आतापर्यंत बावीस जणांनी नावे दिली आहेत. त्यांत सर्वांत लहान मुलगी बारा वर्षांची आहे आणि सर्वांत ज्येष्ठ सभासद म्हणजे साठी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी आहेत. तीन-चार तरुण नियमित सायकल चालवितात. उरलेल्यांच्या सायकली जूनपासून जिन्याखाली नाहीतर गच्चीवरच्या पत्र्याखाली उभ्या आहेत. सायकलीही नाना प्रकारच्या आहेत : दोन जुन्या काळ्या दांड्याच्या, मुलांच्या लहान चाकांच्या, काही गिअरच्या, जाड टायरच्या एमटीबी आणि तरुणांच्या बारीक टायरच्या दोन रोड बाईक.

मार्गाबद्दल दोन मते आहेत. ज्या राकसकोपचे पाणी आपण शहरात पितो, तो जलाशय मुलांना दाखवावा आणि तेथेच बसून डबे खावेत, असे मोठ्यांना वाटते. तरुणांचा आग्रह राजहंसगडाचा आहे. गडावर शिवरायांचा पुतळा २०२३ साली उभा राहिला, तेव्हापासून मंडळाला एकत्र तेथे जायचे आहेच. आम्ही सफरीच्या पत्रकात ‘सर्वांना झेपेल अशी’ असे लिहिले आहे आणि ते शब्द खरे ठरावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पहिल्याच वेळी कोणी दमून, घाबरून किंवा ओशाळून घरी परतले, तर ती व्यक्ती पुन्हा सायकलला हात लावणार नाही.

तेव्हा मार्ग कोणता घ्यावा, निघावे केव्हा, एवढ्या जणांना रस्त्यावर एकत्र कसे ठेवावे आणि सायकलींची किमान तयारी कोणती करावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : टिळकवाडीचा सायकलस्वार

आपण प्रश्न योग्य वेळी आणि योग्य भावनेने विचारला आहे. माझ्या मते सफर सोपी की अवघड, हे तिच्या एकूण अंतरावरून ठरत नाही, परतीच्या वाटेवरून ठरते. जाताना हवा थंड असते, अंगात उत्साह असतो आणि गप्पांच्या नादात नवखा माणूसही दहा-बारा किलोमीटर सहज पार करतो. खरी कसोटी लागते ती साडेनऊच्या पुढे, जेव्हा ऑक्टोबरचे ऊन चढलेले असते, बैठक दुखू लागलेली असते आणि घर अजून तितकेच लांब असते. म्हणून मार्ग निवडताना नकाशा उलटा वाचावा, म्हणजे घराकडे येणारा रस्ता आधी तपासावा आणि मग जाणारा.

या दृष्टीने राकसकोप पहिल्या सफरीसाठी मला योग्य वाटत नाही. अनगोळहून जाऊन-येऊन अंतर पस्तीस किलोमीटरच्या घरात जाते आणि बेळगुंदीच्या बाजूचा रस्ता चढउतारांचा आहे. त्यात भर वाऱ्याची. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो, पण पाऊस मागे फिरला की तो पूर्व आणि ईशान्येकडून येऊ लागतो. राकसकोप शहराच्या पश्चिमेस आहे. म्हणजे जाताना वारा पाठीवर राहून आपल्याला स्वतःच्या ताकदीचा चुकीचा अंदाज देतो आणि परतताना, नेमके दमलेले असताना, तोच वारा तोंडावर येतो. सराव असलेल्याला त्याचे काही वाटत नाही. गुरुजींना आणि बारा वर्षांच्या मुलीला मात्र तो फरक प्रत्येक पेडलला जाणवेल.

माझी सूचना अशी की वडगावमार्गे येळ्ळूर गाठावे आणि पुढे सुळग्याच्या बाजूने राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यावे. हा रस्ता बहुतांशी भातशिवारातून जातो, दिशा दक्षिणेची असल्याने वारा बाजूने लागतो आणि जाऊन-येऊन अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास राहते. गटाचा वेग ताशी बारा किलोमीटर धरावा. नियमित चालविणाऱ्यांना तो फारच कमी वाटेल, पण वेगवेगळ्या सायकलींच्या मोठ्या गटाला यापेक्षा अधिक वेग टिकत नाही. म्हणजे चालविण्याचे दोन तास, थांबे आणि न्याहारी यांचा सव्वा तास. साडेसहाला निघाल्यास पावणेदहाला सर्वजण घरी पोहोचतात. त्या दिवसांत साडेसहाच्या आत उजाडलेले असते, त्यामुळे अंधारात निघण्याचे कारण नाही. धुके दाट असेल तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे, पण मागचा लाल दिवा प्रत्येकाच्या सायकलला असावा.

काही जण आपल्याला सुचवतील की गेलेल्या वाटेने परत येण्यापेक्षा देसूरकडे उतरून खानापूर रस्त्याने गोल फेरी पूर्ण करावी. नकाशावर ती फेरी देखणी दिसते. परंतु मच्छे, पिरनवाडी आणि उद्यमबाग या पट्ट्यात कारखान्यांची आणि गोव्याकडची जड वाहने सतत असतात आणि तेथे आपला गट नेमका दमलेल्या अवस्थेत पोहोचेल. पाहिलेल्या रस्त्याने परत येण्याचा एक मोठा लाभ असतो : खड्डे, वळणे आणि पाणी मिळण्याच्या जागा सर्वांना ठाऊक झालेल्या असतात आणि कोणाला मध्येच थांबावेसे वाटले, तर बाकीचे परतताना त्याला सोबत घेऊ शकतात.

उत्तर : येळ्ळूर शिवार

आमच्या गावाच्या वाटेने येणार आहात, याचा आनंद आहे. वरील सूचनेशी मी सहमत आहे, मात्र रस्त्याबद्दल काही गोष्टी येथील शेतकरी म्हणून सांगणे आवश्यक वाटते.

वडगाव, शहापूर, येळ्ळूर या शिवारातील माती काळी आणि चिकट आहे. परतीचा पाऊस पडून गेला की ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती डांबरावर येते आणि सकाळच्या दवात तिचा पातळ थर तयार होतो. त्यावर चाक घसरते, म्हणून तेथे पुढचा ब्रेक जोरात दाबू नये आणि हँडल झटक्याने वळवू नये. कच्च्या पाणंदीत तर सायकल घालूच नये. ही माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की पन्नास पावलांत चाक फिरेनासे होते आणि मग काटकीने कोरून ती काढत बसावे लागते. आदल्या दिवशी जोराचा पाऊस झाला असेल, तर बळ्ळारी नाल्याच्या आसपास पाणी साचते का, याची सफरीच्या पहाटे कोणीतरी खात्री करून घ्यावी. हलगा-मच्छे बायपास जेथे आमच्या रस्त्याला छेदतो, ती जागाही दोन दिवस आधी प्रत्यक्ष पाहून ठेवावी, कारण कामाच्या ठिकाणची माती आणि खडी कोठे कधी येऊन पडेल, याचा नेम नसतो.

दुसरी गोष्ट सुगीची. लवकर पिकणाऱ्या भाताची कापणी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते आणि नोव्हेंबरमध्ये तिला जोर येतो. खळी कमी झाल्याने अनेक शेतकरी पिंजर (भाताचा पेंढा) आणि भात रस्त्याच्या एका बाजूला पसरतात. त्यावरून सायकल नेणे दोन्ही अर्थांनी वाईट आहे. पिंजराखाली खड्डा दिसत नाही, चाक अडकते, पिंजराच्या काड्या चेनमध्ये गुंततात. आणि खाली पसरलेले धान्य हे एका घराचे वर्षाचे अन्न असते. अशा ठिकाणी सर्वांनी उतरून उरलेल्या अर्ध्या रस्त्याने सायकल हातात धरून चालत जावे. कोणी माणूस तेथे असेल तर दोन शब्द बोलून पुढे जावे. आमच्याकडचे लोक अशा वेळी पाणी विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

गळीत हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागच्या ट्रॉलीची शेपटी वळणावर आतल्या बाजूला येते आणि बाहेर लोंबणारा ऊस सायकलस्वाराच्या खांद्याच्या उंचीवर असतो. त्यामुळे चालत्या ट्रॉलीला ओलांडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. थांबून तिला पुढे जाऊ द्यावे. आपली सफर त्यापूर्वीच झाली तर उत्तम.

भात निसवल्यापासून कापणीपर्यंतचे दिवस या रस्त्याला सर्वांत सुंदर असतात. बासमतीच्या वाफ्याजवळून जाताना त्याचा वास वाऱ्यावर स्पष्ट येतो आणि शेजारीच इंद्रायणी उभी असेल तर दोहोंतला फरक मुलांनाही कळतो. सध्या बासमती करणारे कमी झाले आहेत, म्हणून तो वाफा कोणता हे सफरीच्या आधी विचारून ठेवावे आणि तेथे पाच मिनिटे थांबावे. बांधावर गर्दी करू नये, लोंब्या तोडू नयेत, एवढे मुलांना आधीच सांगावे. कापणीनंतर याच वाफ्यांत ओलीवर मसूर आणि हरभरा पेरतात, हेही त्यांना सांगण्यासारखे आहे.

न्याहारीसाठी गावात चांगळेश्वरी देवीच्या मंदिराजवळ थांबता येईल. बावीस सायकली रस्त्याला लागून उभ्या करू नका. गावात दुधाच्या गाड्या आणि बैलगाड्या त्याच वेळी बाहेर पडतात.

उत्तर : कॅम्प परिसर

मार्गाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. कॅम्पातून हिंडलगा आणि पुढे उचगाव हा रस्ता सुरुवातीला दाट सावलीचा आहे आणि ऊन टाळायचे असेल तर त्याचा विचार व्हावा. मात्र हिंडलग्याच्या पुढे तो वेंगुर्ला रस्ता असल्याने वाहनांची वर्दळ मोठी असते, हे मान्य करावे लागेल. तेव्हा लहान मुले बरोबर असताना मीही येळ्ळूरच निवडेन आणि उचगाव, देवरवाडीचा वैजनाथ, महिपाळगड ही बाजू सराव झाल्यावर लहान गटासाठी राखून ठेवेन.

तारखेबद्दल मात्र आग्रहाने लिहितो. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड असते. मंडळातील निम्मी मुले तिकडे असतील आणि शहरातील रस्तेही गजबजलेले असतील, त्यामुळे ते नऊ दिवस सोडावेत. १ नोव्हेंबरच्या आसपासही सफर ठेवू नये. १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या निषेधार्थ त्या दिवशी सीमाभागातील मराठी माणसांची काळ्या दिनाची मूक सायकल फेरी निघते, दुसरीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका असतात आणि सर्वत्र बंदोबस्त असतो. त्या फेरीत सायकल घेऊन जाणे हा आपल्यापैकी अनेकांसाठी निष्ठेचा विषय आहे आणि तिचे गांभीर्य वेगळे आहे. कौटुंबिक सहल तिच्याशी मिसळू नये. याच कारणाने सफरीत फलक, झेंडे, ध्वनिवर्धक असे काहीही नसावे. सकाळी व्यायामाला निघालेली गल्लीतील माणसे, एवढेच तिचे स्वरूप राहू द्यावे, म्हणजे कोणाला विचारपूस करण्याचे कारण उरत नाही.

दसऱ्यानंतर एक रविवार सरावासाठी ठेवून त्यापुढचा रविवार सफरीसाठी घेतल्यास हवाही बरी मिळते. तो १ नोव्हेंबरला लागून येत असेल तर आणखी एक आठवडा पुढे जावे. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो, म्हणून सकाळी दहाच्या आत परतण्याचे जे गणित वर मांडले आहे, ते कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये.

उत्तर : शहापूर सायकल दुरुस्ती

माझा दुरुस्तीचा व्यवसाय असल्याने सायकलींबद्दलच लिहितो. चार महिने उभ्या असलेल्या सायकलीत बिघाड दिसत नाही, पण असतो. सफरीच्या आदल्या संध्याकाळी हवा भरून भागत नाही. किमान आठ दिवस आधी सर्व सायकली एका ठिकाणी आणून पाहाव्यात, म्हणजे सामान मागवायला वेळ राहतो.

आधी ब्रेक. ब्रेकची रबरे पावसाळ्यात कडक होतात आणि रिमवर चकाकी धरतात. नखाने दाबून पाहावे. रबर दबत नसेल तर बदलावे. तार हाताने ओढल्यावर सहज सरकून परत यायला हवी. नळीच्या तोंडाशी गंज दिसला किंवा एखादा जरी पदर तुटलेला दिसला तरी ती तार काढून टाकावी, कारण ती उतारावरच तुटते. काळ्या दांड्याच्या सायकलींना तारेऐवजी सळईचे ब्रेक असतात. त्यांचे खिळे आणि सांधे ढिले होतात, ते आवळून घ्यावेत. रिमवर तेलाचा एक थेंबही पडू देऊ नये.

चेन रॉकेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने पुसून कोरडी करावी, प्रत्येक कडीच्या नळीवर एकेक थेंब तेल सोडावे, पेडल उलटे फिरवून ते आत जाऊ द्यावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. लोक हे शेवटचे पुसणे विसरतात आणि मग त्या तेलावर धूळ बसून चेन आणखी लवकर झिजते. चाक हवेत उचलून फिरवावे. ते डुलत असेल तर आरे ढिले आहेत. पेडलचा दांडा धरून आत-बाहेर हलवावा. खटखट जाणवली तर छर्रे किंवा कप पाहावे लागतील. टायरची बाजू अंगठ्याने दाबून तिच्यावर बारीक चिरा दिसतात का ते पाहावे. उन्हापावसात उभ्या सायकलीचे रबर तेथूनच फाटते.

आता हवा आणि पंक्चर, कारण मिश्र गटात सर्वांत जास्त वेळ येथेच जातो. आपल्या गटात तीन प्रकारच्या वालच्या, म्हणजे हवा भरण्याच्या झडपेच्या, ट्यूब असणार. जुन्या सायकलींना आतल्या रबरी नळीची देशी वाल असते, एमटीबीला बहुधा मोटारसायकलसारखी जाड वाल असते आणि रोड बाईकला बारीक, टोकाशी स्क्रू असलेली. एका पंपाने तिन्ही भरत नाहीत. पंपाचे तोंड कोणत्या वालला बसते ते घरीच तपासावे, उरलेल्यांसाठी अडॅप्टर घ्यावा आणि देशी वालची रबरी नळी दोन-तीन तुकडे खिशात ठेवावी. ती काही रुपयांची असते आणि नसली तर सायकल जागेवर उभी राहते. चाकांचे मापही टायरवर लिहिलेले असते. ते प्रत्येकाने वहीत नोंदवावे आणि गटात असलेल्या प्रत्येक मापाची निदान एक ट्यूब बरोबर घ्यावी. हवा किती भरायची, हेही टायरच्या बाजूवर छापलेले असते. छापलेल्या कमाल आकड्यापेक्षा थोडी कमी ठेवल्यास खडबडीत रस्त्यावर हात आणि कंबर कमी दुखतात, पण फार कमी ठेवली तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात.

पंक्चर झाल्यास रस्त्यावर पॅच लावत बसण्यापेक्षा ट्यूब बदलावी आणि जुनी घरी दुरुस्त करावी. मात्र नवीन ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोटांनी सावकाश चाचपून पाहावे. शिवारातल्या रस्त्यावर बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, बाहेरून दिसत नाही आणि तोच नव्या ट्यूबला पुन्हा टोचतो. पॅच लावायचाच असेल तर ट्यूब घासावी, सोल्यूशन लावावे आणि ते सुकेपर्यंत थांबावे. ओले असताना चिकटविलेला पॅच टिकत नाही.

सीटची उंची हा दुरुस्तीचा विषय नाही असे अनेकांना वाटते, पण बहुतेक नवखे सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी, पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तीच योग्य उंची. उतरताना जमिनीवर पाय टेकण्याची भीती वाटणाऱ्या मुलांची आणि काकूंची सीट थोडी खाली ठेवली तरी हरकत नाही. त्यांच्यासाठी आत्मविश्वास अधिक महत्त्वाचा.

उत्तर : हिंदवाडीची ताई

वरील सर्व सूचना उपयुक्त आहेत. मी महिलांच्या गटाबरोबर नियमित सायकल चालविते, म्हणून माणसांच्या व्यवस्थेबद्दल लिहिते.

बावीस सायकलींची एकच लांब रांग करू नये. मागून येणाऱ्या वाहनाला ती ओलांडता येत नाही आणि मग चालक मध्येच घुसतो. सात-आठ जणांचे तीन गट करावेत आणि दोन गटांमध्ये एखादी बस आत येऊ शकेल एवढे अंतर ठेवावे. प्रत्येक गटात पुढे एक आणि मागे एक अनुभवी व्यक्ती हवी. आपल्याकडे नियमित चालविणारे तीन-चारच असल्याने रस्ता माहीत असलेल्या एखाद-दोघांची मदत घ्यावी. संपूर्ण सफरीच्या शेवटी चालणाऱ्याकडे पंप आणि ट्यूब असाव्यात आणि त्याच्या मागे कोणीही राहणार नाही, हा नियम निघण्यापूर्वी सर्वांना ऐकवावा. पुढच्याने वेग ठरवायचा तो सर्वांत मागच्याकडे पाहून. बरोबरीच्या माणसाशी पूर्ण वाक्य न तुटता बोलता येते तोवर वेग योग्य आहे. दम लागून शब्द तुटू लागले की पुढच्याने आपण होऊन हळू व्हावे, मागच्याला तशी विनंती करायला लावू नये.

मुलांना रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवावे आणि मोठ्या माणसाने त्यांच्या किंचित मागे आणि उजवीकडे राहावे. पुढच्याला खड्डा दिसला की हात खाली करून दाखवावा, थांबताना तोंडाने मोठ्याने सांगावे. गावाजवळ कुत्री अंगावर आली तर पळ काढू नये. हळू होऊन उतरावे आणि सायकल मध्ये धरून चालत जावे, ती बहुधा आपोआप थांबतात.

आता ज्याबद्दल पुरुषमंडळी सहसा विचारत नाहीत, ते स्पष्ट लिहिते. सव्वातीन तासांच्या सफरीत स्त्रियांना आणि मुलींना स्वच्छतागृह लागणारच. ते कोठे आहे, हे आधी विचारून ठेवले नाही तर त्या सकाळपासून पाणी पिणेच टाळतात आणि उन्हात त्यांना चक्कर येते. येळ्ळुरात एखाद्या ओळखीच्या घरी किंवा शाळेत आदल्या दिवशी विनंती करून ठेवावी आणि निघतानाच सर्व भगिनींना त्याची माहिती द्यावी. ओढणी आणि सैल पायघोळ सलवार चेनमध्ये अडकते. ओढणी घरी ठेवावी आणि सलवारीला उजव्या पायाशी रबर किंवा चिमटा लावावा.

प्रत्येकाने एक लिटर पाणी स्वतःजवळ ठेवावे आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. निघण्यापूर्वी पोट अगदी रिकामे नसावे. एक केळे पुरते. मध्ये उप्पीट किंवा पोहे, परतताना शेंगदाण्याची चिक्की आणि मीठ-साखर-लिंबाचे पाणी एवढे पुष्कळ आहे. न्याहारी जड झाली की परतीचा पहिला अर्धा तास त्रासाचा जातो.

गुरुजींना रक्तदाब किंवा हृदयाची औषधे चालू असल्यास त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून यावे आणि त्यांची औषधे कोणत्या खिशात आहेत हे शेजारच्या स्वाराला माहीत असावे. ११२ आणि १०८ हे क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असू द्यावेत. एखादा छोटा टेम्पो बरोबर घ्यावा, पण त्याने गटाच्या मागे रेंगाळत रस्ता अडवू नये. त्याने पुढे जाऊन ठरलेल्या ठिकाणी थांबावे, सर्वजण गेले की पुन्हा पुढच्या ठिकाणी जावे. टेम्पोत बसणे ही हार नाही, असे पुढाऱ्याने निघतानाच सांगितले तर ज्याला गरज आहे तो संकोच करत नाही.

अनगोळकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल मंडळाच्या बैठकीत येळ्ळूरचा मार्ग सर्वानुमते ठरला. सायकली या शनिवारी मंडळाच्या पटांगणात तपासू आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी वडगावच्या पुढे सात-आठ किलोमीटरची सरावफेरी घेऊ. टेम्पोची आणि येळ्ळुरातील एका घराची व्यवस्थाही झाली आहे.

एकच प्रश्न उरतो. पायथ्यापर्यंत गेल्यावर आठ-नऊ तरुणांना गडावर सायकलने चढायचे आहे. बाकीच्यांनी तोपर्यंत खाली थांबावे का?

उत्तर : टिळकवाडीचा सायकलस्वार

माझ्या मते थांबू नये आणि गटही फोडू नये. गडाचा शेवटचा चढ तीव्र आहे. तरुण वर जाऊन, पुतळ्याचे आणि सिद्धेश्वराचे दर्शन घेऊन खाली येईपर्यंत तासभर सहज जातो आणि तेवढ्यात पायथ्याशी थांबलेल्यांचे अंग थंड पडून परतीची वेळ उन्हात सरकते. शिवाय अनुभवी माणसे वर गेली तर खालच्या गटांना पुढचा आणि मागचा स्वार उरत नाही, आणि ज्यांच्यासाठी ही सफर आहे ती मंडळीच निराधार होतात. उतारावर गंजक्या ब्रेकच्या सायकली भरधाव येण्याचा धोका वेगळाच.

त्याऐवजी त्या दिवशी गड पायथ्यावरून पाहावा आणि तरुणांना पुढच्या रविवारी स्वतंत्रपणे वर जाऊ द्यावे. त्यांच्यातील दोघांना सफरीच्या शेवटी राहण्याची, म्हणजे पंप, ट्यूब आणि मागे पडलेला प्रत्येक माणूस सांभाळण्याची जबाबदारी द्यावी. चढ चढण्यापेक्षा ते काम कठीण आहे आणि ताकदीच्या माणसालाच जमते, असे त्यांना समजावून सांगितल्यास ते नाराज होणार नाहीत.

उत्तर : येळ्ळूर शिवार

याला माझाही दुजोरा आहे. आपली तारीख निश्चित झाली की येथे कळवावे. आमच्या बाजूला भात कापायला आले असेल तर कोणत्या टप्प्यात पिंजर पसरले आहे, हे मी आदल्या संध्याकाळी पाहून लिहीन आणि बासमतीचा वाफा कोणता तेही सांगेन. टेम्पो मंदिरापाशी आणू नये. गावाच्या अलीकडे रस्ता रुंद आहे, तेथेच तो डाव्या बाजूला उभा करावा.